ऐकणाऱ्या नळीवरचा आळ

मित्रांनो, मी एक जुनी रबरी नळी आहे. नळी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर पाणी आलं असेल, तर ते आधी पुसून टाका. माझ्यातून आयुष्यभर गेला तो फक्त आवाज. पाणी एकदाच गेलं, आणि तेही माझ्यावर खोटा आळ आला म्हणून. ती हकिगत सांगायलाच आज मी तोंड उघडलं आहे. तोंडं म्हणायला हवं, कारण मला दोन आहेत. दोन तोंडं असून ऐन वेळी एक शब्द काढता येत नाही, हेच माझं दुखणं.

मी जन्मले तेव्हा कुणाला खरं वाटणार नाही इतकी लांब होते. कारखान्यातल्या गुंडाळीत माझं एक टोक झोपलेलं असायचं, तेव्हा दुसऱ्या टोकाकडे उजाडून माणसं कामाला लागलेली असायची. मग आमचे तुकडे झाले. एक बहीण शेगडीला गेली. एक डॉक्टरांच्या गळ्यात पडली. ती आता आम्हाला ओळखसुद्धा दाखवत नाही. मला एका कापडगिरणीत हवेच्या यंत्राला बसवलं, तर मी हातभर जास्त भरले. जास्तीचा तुकडा कापून फरशीवर टाकला. तो तुकडा म्हणजे मी. थोडक्यात, मी उरलेली आहे.

मला उचललं ते गिरणीतल्या जोडाऱ्यानं. जोडारी म्हणजे बिघडलेलं यंत्र उघडून पुन्हा जोडणारा माणूस. त्या शेडमध्ये दोनशे माग एकदम चालायचे आणि असा गदारोळ व्हायचा, की माणसं ओठ बघून एकमेकांशी बोलायची. कुणी कुणाच्या लग्नाची बातमी सांगितली, तरी आवाज नाही, नुसते ओठ. त्या कल्लोळात जोडाऱ्यानं माझं एक टोक कानात घातलं, दुसरं एका मागाच्या अंगाला टेकवलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "डावीकडचा खालचा बोल्ट. अर्धा आटा ढिला."

पाना लावून बघितलं, तर बरोब्बर अर्धा आटा.

त्या दिवसापासून सगळे त्याला कानसेन म्हणू लागले. आणि माझी जागा ठरली, त्याच्या डाव्या खिशात. काय काय ऐकलं म्हणून सांगू! एकदा त्यानं मला भिंतीला लावलं, तर पलीकडे दोन मुंग्या एका दाण्यावरून भांडत होत्या. आम्ही दोघांनी मध्ये पडून त्यांच्यात समेट करून दिला. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मला डोळे नाहीत, हा भाग वेगळा.

आता एक गोष्ट सांगते, ती मात्र थापेतली नाही. आवाज माझ्यातून जाऊन कानात पोचला, की मला परत एक हलकासा ठोका जाणवतो, आतून दाराला कडी लागावी तसा. पोचलं, असं तो ठोका सांगतो. कानसेनच्या कानातून वर्षानुवर्षं तो ठोका येत होता.

कानसेनला एक मुलगी होती. जन्मली तेव्हा अशी रडली, की शेजाऱ्यांना गिरणीची पाळी सुटल्यासारखं वाटलं. म्हणून तो तिला भोंगा म्हणायचा. घरात एक निळी जुनी मोटार होती. निळा रंग कमी आणि लांबी जास्त. सुटीच्या दिवशी भोंगा अंगणात उभ्या मोटारीच्या मागच्या सीटवर बसायची, तो पुढे. माझं एक टोक त्याच्या कानात, दुसरं तिच्या तोंडापाशी. हा त्यांचा टेलिफोन.

"बाबा," सहा वर्षांची भोंगा कुजबुजायची, "मी आज शाळेतला खडू खाल्ला."

"पांढरा की रंगीत?"

"पिवळा."

"मग ठीक. पांढऱ्यानं पोट दुखतं."

आणि दोघं खदखदून हसायची. आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडायची, "अहो, तिला शिकवा काहीतरी!" मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सोन्याचा काळ होता.

मग ठोके गळायला लागले.

आधी बारीक आवाजांचे. सुईसारखे, शिट्टीसारखे, सुस्काऱ्यासारखे आवाज मी नेऊन पोचवायची, आणि पलीकडून काही नाही. कडी लागत नव्हती. जाड आवाज मात्र पोचायचे. खडखड, धडधड, ठणठण, सगळं ठीक. तीस वर्षं त्या शेडमध्ये काढली, कानात कापसाचा बोळासुद्धा न घालता. कापूस घातला तर कानसेन कसला, असं त्याचं म्हणणं. ज्या कानांचं कौतुक, तेच उघडे टाकले. त्याला स्वतःला काही कळलं नाही, कारण समोरच्याचे ओठ वाचायची सवय तीस वर्षांची. घरात कुणालाच कळलं नाही. कळलं ते मला एकटीला, आणि मी ही अशी!

भोंगा बारा वर्षांची झाली होती. एका दुपारी ती मागच्या सीटवर येऊन बसली, बऱ्याच दिवसांनी. माझं टोक तिनं ओठांना लावलं आणि अगदी हळू म्हणाली, "बाबा, वर्गातल्या मुली माझ्याशी बोलत नाहीत. मला उद्यापासून शाळेत जावंसंच वाटत नाही."

मी ते शब्द नेले. इतक्या जपून मी कधीच काही नेलं नव्हतं. कानाशी पोचवले, आणि वाट बघत राहिले. ठोका आला नाही.

कानसेन पुढे बघत हसला आणि म्हणाला, "हो हो, शाब्बास!"

भोंगानं मला खाली ठेवलं. दार उघडून ती घरात गेली. त्यानंतर तो टेलिफोन पुन्हा कधी लागला नाही. तिला वाटलं, बाबांचं लक्ष नाही. त्याला वाटलं, पोरगी मोठी झाली. दोघांच्या मधोमध मी सीटवर पडलेली, आणि खरं काय ते फक्त मला ठाऊक.

पुढे तो निवृत्त झाला. मला अंगणातल्या शेडमधल्या खिळ्यावर टांगलं. कुणी विचारलं तर म्हणायचा, "नळी कशाला? माझे कान पुरेत." खिळ्यावर मी अकरा वर्षं होते. एका कोळ्यानं माझ्या तोंडाशी इतकं मोठं घर बांधलं, की त्यात पाहुण्यांची वेगळी खोली होती.

तोवर भोंगा परिचारिका झाली. डोंगरापलीकडच्या रुग्णालयात तिला काम लागलं, सोमवारी हजर व्हायचं होतं. तिकडे बस दिवसातून एकच, आणि ती तिच्या पाळीच्या वेळेला नाही. कानसेननं मोटारीची किल्ली तिच्या हातात ठेवली.

"गाडी तुझी. रविवारपर्यंत घड्याळासारखी करून देतो."

"अहो, एखाद्या मेकॅनिकला दाखवा ना," आई म्हणाली. "डोंगराचा रस्ता आहे. पोरगी एकटी जाणार."

"मेकॅनिक? माझ्या दारात? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, शहाणा माणूस आहे. त्यांनाही बदल म्हणून बरं वाटेल."

पण कानसेननं शनिवारी सकाळी बाह्या सरसावल्याच. मोटारीचं दुखणं असं होतं, की पळताना ती ठीक असायची. पण ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की इंजिन धाप लागल्यासारखं खालीवर व्हायचं आणि बंद पडायचं. मुलांनो, इंजिनला हवा लागते, पण मोजून लागते. कार्बोरेटर ती मोजून आत सोडतो, पेट्रोलाच्या जोडीनं. कुठल्या तरी सांध्यातून चोरवाटेनं जास्तीची हवा आत शिरली, की सगळं प्रमाण बिघडतं. आणि या मोटारीत आणखी एक भानगड होती. इंजिन बंद पडलं, की ब्रेकला मिळणारं बळ जायचं आणि पायडल दगडासारखं कडक व्हायचं. डोंगराच्या उतारावर हे झालं तर काय, ते तुम्हीच समजा.

भोंगा शेडच्या दारात येऊन उभी राहिली. "बाबा, ती नळी कुठे आहे तुमची? गिरणीतली?"

ती बघत होती म्हणून, मित्रांनो, केवळ ती बघत होती म्हणून त्यानं मला खिळ्यावरून काढलं. कोळ्याला सहकुटुंब हलवलं, मला पुसलं, कानात घातलं. अकरा वर्षांनी! मला किती आनंद व्हायला हवा होता. आणि माझ्या अंगावर काटा आला. रबराला काटा येत नाही म्हणता? मग माझ्यावरच्या या भेगा बघा.

इंजिन सुरू झालं. कार्बोरेटरकडून इंजिनकडे हवा नेणारा एक लोखंडी फाटा असतो, हाताच्या चार बोटांसारखा. त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. तो इंजिनला जिथे टेकतो, तिथे मध्ये पॅकिंग असतं आणि वरून बोल्ट कसलेले असतात. कानसेन माझं टोक एकेका बोटापाशी नेऊ लागला. पहिलं, काही नाही. दुसरं, तिसरं, काही नाही. चौथ्याच्या मागच्या बाजूला मात्र, जिथे नजर पोचत नाही तिथे, हवा ओरडत होती. हिस्सऽऽ! चिमणीएवढ्या फटीतून वादळ घुसावं तशी. मी तो आवाज उचलला आणि धावत सुटले. हातभराचं अंतर, पण मी जीव तोडून धावले. कानाशी पोचले आणि दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. आत कुणी नव्हतं.

"इथे काही नाही," कानसेन म्हणाला आणि मला पुढे सरकवलं.

सांगा, मी काय करायचं होतं? वाकडं व्हायचं? झाले. त्याच्या कानातून घसरायचं? घसरले. त्यानं मला उचलून पुन्हा नीट खोचलं, बस्स.

त्याला ऐकू येत होती ती खडखड. ती खरीच होती. जुन्या गाडीत चार बोल्ट ढिले असायचेच. झाकणाचा एक, डायनामोच्या पट्टीचा एक, पाण्याच्या टाकीचे दोन. जे ऐकू येतं तेच दुखणं, असं त्यानं ठरवलं. दहाचा पाना, बाराचा पाना, गोटी पाना, सगळे बाहेर निघाले. जिथे डोकं दिसलं तिथे त्यानं बोल्ट पिळला. शेवटी मॅनिफोल्डचेही. ज्या माणसानं गिरणीत शंभर पोरांना शिकवलं होतं, की मधल्या बोल्टपासून सुरुवात करा, आलटून पालटून, थोडं थोडं कसा, त्यानं एका टोकापासून धरून एकेक गच्च आवळत नेला. कारण आतून त्याला कुठेतरी भीती वाटत होती, आणि भ्यालेला हात जास्त जोर लावतो. चौथ्या बोटाच्या मागच्या बोल्टवर पाना अचानक लोण्यातून गेल्यासारखा फिरला. आटे गेले होते, बोल्ट आता काही धरून ठेवणार नव्हता.

हे त्याला कळलं. हातातून कळलं, हातांना काही झालेलं नव्हतं. तो थबकला. मला कानात घालून त्याच जागी टेकवलं. आता तर हवा दुप्पट जोरानं किंचाळत होती. तो बराच वेळ ऐकत राहिला, आणि मग त्याचा चेहरा सैल झाला.

"नाही. बसलाय व्यवस्थित."

बघा, माझ्या साक्षीवर त्यानं विश्वास ठेवला. मी गप्प आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असं त्याला वाटलं. मग कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून त्यानं इंजिनचा वेग वाढवून ठेवला. उभी गाडी छान गुणगुणू लागली.

"ऐकलंस? घड्याळ!" तो भोंगाला म्हणाला.

रविवारी सकाळी दोघं गाडी फिरवून बघायला निघाली. ती चालवायला, तो शेजारी, मी समोरच्या फळीवर. गल्लीच्या टोकाला उतार आहे, आणि उताराच्या तळाशी शिंप्याचं दुकान. शिंपीकाका म्हणजे कानसेनचा जुना दोस्त; इस्त्रीचं टेबल दाराबाहेर मांडून रस्त्यावरच्या प्रत्येकाशी बोलणारा. उतारावर भोंगानं पाय काढला. इंजिन एकदा वर, एकदा खाली झालं, आणि बंद.

तिनं ब्रेक दाबला. पायडल हललं नाही.

"बाबा, ब्रेक लागत नाहीये!"

कानसेन समोर बघत होता. तोंडावर कालचंच समाधान.

"बाबा! हँडब्रेक! बाबा!!"

हँडब्रेक दोघांच्या मधोमध होता, त्याच्या हातापासून वीतभर. पण इंजिन बंद, खिडक्या उघड्या, वाऱ्याचा घोंगाट, आणि तिचे ओठ त्याच्या नजरेत नव्हते. मी फळीवरून खाली घरंगळले, याहून अधिक माझ्यानं काही झालं नाही. शेवटी तिनंच एका हातानं स्टिअरिंग धरून दुसऱ्या हातानं हँडब्रेक ओढला. गाडी किंचाळत, आडवी होत थांबली. इस्त्रीचं टेबल एका वितीवर.

कानसेन दचकून तिच्याकडे वळला. "काय झालं? का थांबलीस?"

भोंगानं त्याच्याकडे बघितलं. हँडब्रेक अजून मुठीत धरून ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. त्याला खरंच माहीत नव्हतं.

शिंपीकाका पांढराफटक पडला होता, पण जीभ शाबूत होती. "कानसेन, इस्त्रीला कपडे टाकायचे असले ना, तर गाडीतून उतरून द्यायची पद्धत आहे."

तिघांनी मिळून गाडी ढकलत अंगणात आणली. आई दारात उभी. तिनं तिघांचे चेहरे बघितले आणि ती पाणी आणायला गेली. भोंगानं बॉनेट उघडलं, इंजिन सुरू केलं आणि मला उचलून स्वतःच्या कानात घातलं.

मित्रांनो, तरुण कान काय असतो ते मी विसरूनच गेले होते! पहिलं बोट, ठोका. दुसरं बोट, ठोका. चौथ्याच्या मागे पोचले आणि तो किंचाळणारा आवाज तिच्या कानात नेऊन आपटला, तशी ती दोन पावलं मागे सरली. कडी अशी लागली, की मी पुरती हादरले.

"बाबा," ती म्हणाली, "जरा इथे ऐका."

तिनं स्वतःच्या हातानं माझं टोक त्याच्या कानात ठेवलं आणि दुसरं अचूक त्या फटीपाशी धरलं. त्याची नजर तिच्या ओठांवर होती. ती ओठ हलवत नव्हती. हवा किंचाळत होती. मी जिवाच्या आकांतानं आवाज वाहत होते, एक पोचला नाही तर दुसरा, दुसरा नाही तर तिसरा.

"नाही," कानसेन शांतपणे म्हणाला. "इथे काही नाही."

भोंगाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते गाडीसाठी नव्हतं. बारा वर्षांची ती मुलगी मागच्या सीटवरून पुन्हा एकदा उतरून घरात चालली होती आणि आज पहिल्यांदाच मागे वळून बघत होती, असं मला वाटलं. मला वाटतं त्याला अर्थ काय, मी नळी.

ती शिंप्याला म्हणाली, "काका, तुमचा पाण्याचा फवारा द्या ना."

इस्त्रीचा फवारा आला. तिनं चौथ्या बोटाच्या मागे पाणी फवारलं. इंजिननं ते फटीतून गटकन ओढून घेतलं, ठसका लागल्यासारखं खोकलं, गाडी अंगभर थरथरली आणि वेग एकदम खाली आला. पाणी थांबवलं, पुन्हा वर. पुन्हा फवारा, पुन्हा ठसका.

कानसेनचा तळहात मडगार्डवर होता. तो ठसका त्याच्या हातात गेला. जिथे तो दोन दिवस "काही नाही" म्हणत होता, तिथेच.

शिंपीकाकानं भोंगाच्या हातातून फवारा हळूच काढून घेतला.

कानसेननं मला कानातून काढलं. डोळ्याला लावून माझ्यातून आकाशाकडे बघितलं. तोंडानं जोरात फुंकलं. मग खाली बसला, एक तार घेतली आणि माझ्यातून आरपार घातली. साबणाचं पाणी मागवलं आणि मला धुतलं. दोनदा. तारेला काही लागलं नाही, पाणी जसं गेलं तसं स्वच्छ बाहेर आलं. तरी तो धूतच राहिला.

"नळी चोंदलीय," तो कुणाकडेही न बघता म्हणाला. "अकरा वर्षं खिळ्यावर होती. चोंदणारच."

मित्रांनो, मी चोंदलेली नव्हते! त्या क्षणी चोंदलेली असते तर किती बरं झालं असतं, असं मात्र मला वाटलं.

भोंगाला सगळं ठाऊक होतं. आत्ताच तर तिनं माझ्यातून ऐकलं होतं. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली, जेणेकरून ओठ नीट दिसावेत, आणि म्हणाली, "हो बाबा. चोंदलीच असेल."

असा माझ्यावर आळ आला, आणि मी तो घेतला. मला विचारतंय कोण!

मग कानसेन उठला आणि त्यानं मॅनिफोल्ड उतरवला. इथे त्याला कानांची गरज नव्हती. शिंप्यानं जुन्या पॅकिंगचा कागदावर खाका काढून दिला, अगदी कॉलरचा काढतात तसा. "मापात चूक झाली तर उसवून देणार नाही हं," तो म्हणाला. कानसेननं त्यावरून पॅकिंगच्या पत्र्यातून नवं कापलं. गेलेल्या आट्यांच्या जागी भोक थोडं मोठं करून नवे आटे पाडले आणि जाड बोल्ट बसवला. या वेळी मधून सुरुवात, आलटून पालटून, थोडं थोडं. प्रत्येक बोल्टला शेवटी तो दोन बोटांनी असा स्पर्श करायचा, जसा ताप बघतात. दुपारी गाडी सुरू झाली तेव्हा भोंगानं मला लावून चारही बोटं ऐकली. हवा गप्प. स्क्रू परत जागेवर आणला, तरी इंजिन बंद पडलं नाही. शिंप्याच्या उतारावर तिनं तीनदा पाय काढून बघितला. शिंपीकाकानं तेवढ्यापुरतं टेबल आत घेतलं होतं.

संध्याकाळी ऊन उतरलं, तेव्हा कानसेन दमून गाडीच्या पुढच्या सीटवर बसला होता, पाठ टेकून. मागचं दार उघडलं. भोंगा येऊन बसली. तिनं पुढे हात करून माझं एक टोक त्याच्या कानात ठेवलं. तो हसला, खेळ त्याला आठवला. तिनं दुसरं टोक ओठांना लावलं.

आधी माझ्यातून नुसता तिचा श्वास गेला. मग म्हणाली, "बाबा, मला वाटायचं तुमचं लक्ष नाही." थांबली. "बाबा, उद्या तुम्ही माझ्याबरोबर रुग्णालयात येणार आहात. कान तपासायला. कबूल?"

ठोका नाही. मी वाट बघितली. सवयीनं.

"हो हो," कानसेन पुढे बघत म्हणाला. "शाब्बास!"

"शब्द दिलात," भोंगा म्हणाली आणि हसली. हसताना तिनं माझं टोक घट्ट, दुखेल इतकं घट्ट मुठीत धरलं होतं.

सोमवारी तो आला. सकाळी तिनं समोर उभं राहून सांगितलं तेव्हा म्हणाला, "मी कधी म्हणालो?" तर तिनं मला वर धरलं. "साक्षीदार आहे." आई म्हणाली, "बसा आता निमूट. आयुष्यात एकदा न ऐकता बरोबर उत्तर दिलंत."

तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, की गेलेले बारीक आवाज परत येत नाहीत. राहिलेले सांभाळायचे. कानामागे लावायला एक छोटं यंत्र दिलं. ते त्याला आवडत नाही; त्यात भांडी फार वाजतात म्हणतो. बाहेर जाताना लावतो, घरी आला की काढून डबीत. यावरून घरात रोज एकदा खटका उडतो. मी काय करणार?

आता मी त्या निळ्या मोटारीतच राहते. महिन्यातून एकदा, भोंगाच्या सुटीच्या दिवशी, दोघं बॉनेट उघडतात. एक टोक तिच्या कानात. दुसरं टोक त्याच्या हातात, तो ते सांध्यासांध्यावरून नेतो आणि प्रत्येक जागी मान वर करून तिच्या ओठांकडे बघतो.

"इथे?"

"नाही."

"इथे?"

"नाही बाबा. पुढे."

मुलांनो, मी म्हातारी नळी, मला उपदेश करायचा अधिकार नाही. आणि मुंग्यांची गोष्ट ऐकल्यावर तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवावा असंही मी म्हणत नाही. पण मोठ्या आवाजात काम करणारं कुणी तुमच्या घरात असेल, तर त्याच्या कानांत कापूस घाला, तो नको म्हणाला तरी. आणि तुमच्या मनातल्या गोष्टीला कुणी नुसतंच "हो हो, शाब्बास" म्हणालं, तर रुसून घरात जाण्याआधी एकदा त्याच्या समोर जाऊन बसा. उजेडात. ओठ दिसतील असे.

बाकी माझं म्हणाल, तर कधी कधी दुपारी, भोंगा रात्रपाळीहून येऊन घरात झोपलेली असताना, कानसेन एकटाच गाडीत येऊन बसतो. इकडेतिकडे बघतो. मला कानात घालून दुसरं टोक खिडकीबाहेर धरतो, जिथे झाडावर चिमण्यांचा गोंधळ चाललेला असतो. मी सगळ्या चिमण्या गोळा करून त्याच्या दाराशी नेते. दार वाजवते. थांबते. तो बराच वेळ ऐकतो, मग मला काढतो, खिशातून तार काढतो आणि पुन्हा एकदा माझ्यातून आरपार घालतो, अगदी हळू, मला लागू नये अशी.

मी घालू देते.